खांद्यावर हात पडेपर्यंत

मी आयुष्यभर बसून खाल्लं. एरवी हे वाक्य आळशी माणसाबद्दल बोलतात. माझ्या बाबतीत ती पगारी नोकरी होती. कॉन्व्हेंटमधून बाहेर पडल्या पडल्या मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले आणि केस पांढरे झाल्यावर निवृत्त झाले. मधल्या सगळ्या वर्षांत काय केलं असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर एकच आहे: बसले होते.

बसायचं मात्र मला रीतसर शिक्षण मिळालं होतं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आमच्याकडून दोन गोष्टी घोटून घेतल्या, स्पष्ट बोलणं आणि ताठ बसणं. पाठ खुर्चीला टेकवायची नाही. घोटे जुळवून, पाय किंचित आत. हातांची घडी पोटावर, बोटं कोपराखाली लपवलेली. उठताना हाताचा आधार घ्यायचा नाही, खुर्ची वाजवायची नाही. मुलगी उठली हे कुणाला कळताच कामा नये, असं आमच्या एक सिस्टर म्हणायच्या. पुढे म्हातारपणी मी उठायला लागले की अख्ख्या वॉर्डाला कळायचं, पण ते नंतर सांगते.

एक्स्चेंजला नेमक्या याच दोन गोष्टी हव्या होत्या. लांबलचक हॉल, भिंतीला लागून बोर्डांची रांग, प्रत्येक बोर्डासमोर उंच खुर्ची आणि खुर्चीत कानाला हेडफोन लावलेली एक बाई. बोर्डावर दिवा लागला की कॉर्ड घालायची, नंबर विचारायचा, दुसरी कॉर्ड घालून जोडून द्यायचा. तिथला सगळ्यांत कडक नियम असा की बोर्ड एक क्षणही रिकामा सोडायचा नाही. तहान लागो, खोकला येवो, शेजारणीचं भांडण रंगात येवो. ड्यूटी संपली की रिलीव्हर यायची, म्हणजे आपल्या जागी बसणारी पुढची बाई. ती मागे उभी राहायची, आपला प्लग शेजारच्या जॅकमध्ये घालून क्षणभर ऐकायची आणि मग आपल्या खांद्यावर हात ठेवायची. हात पडला की उठायचं. त्याआधी नाही.

हा नियम मी इतका मनावर घेतला, की माझ्या लेकीचा जन्म त्या खुर्चीतच व्हायची वेळ आली होती. कळा सुरू झाल्या तेव्हा ड्यूटी संपत आलेली, आणि रिलीव्हरची बस चुकलेली. शेजारणी म्हणत होत्या, अगं ऊठ, आम्ही बघतो. मी नाही उठले. घोटे जुळवून, पाठ ताठ ठेवून मी लोकांचे नंबर जोडत बसले. शेवटी सुपरवायझरबाई स्वतः मागे आल्या, खांद्यावर हात ठेवला आणि मी उठले. दवाखान्यात पोचायला आणि लेक यायला एकच गाठ पडली. माझ्या कर्तव्यनिष्ठेचा नमुना म्हणून ही गोष्ट मी लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला सांगत आले. ती निव्वळ मूर्खपणाची आहे हे तिला शाळेत असतानाच कळलं होतं. मला अलीकडे कळलं.

आमचे हे टाइपरायटर दुरुस्त करायचे. लग्न झाल्यावर मी त्यांना एक्स्चेंजचा नियम मोठ्या अभिमानाने सांगितला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो घरात लागू केला. जेवण झाल्यावर मी खुर्चीत रेलले, म्हणजे रेलले नाही, ताठ बसले, की मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. "चला बाईसाहेब, ड्यूटी संपली." की मी उठून चपला घालायचे. मग नदीकाठच्या रस्त्याने पुलापर्यंत जाऊन परत. निवृत्त झाल्यावर तर माझ्या पायांना दिवसातून तेवढंच काम उरलं होतं. त्यांनी हात ठेवायचा, मी उठायचं. याला आम्ही व्यायाम म्हणत नव्हतो. आम्हाला वाटायचं आपण फिरायला जातोय.

चार वर्षांपूर्वी त्यांची ड्यूटी संपली. त्यांच्या खांद्यावर कुणी हात ठेवला ते मला दिसलं नाही. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, आणि खरं सांगायचं तर बसूनच राहिले.

आमचं घर पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या, खाली घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, खिडकीतून त्याची पाटी आणि समोरचा बसथांबा दिसतो. रोज डायरी लिहायची हा माझा शाळेपासूनचा परिपाठ. तेव्हा सकाळी डायरी, दुपारी रेडिओ, संध्याकाळी बसथांब्यावरचे लोक. एकटीसाठी काय रांधायचं म्हणून चहा आणि बिस्किटं. अंगाला सुटसुटीत वाटायचं. वजन उतरलं तेव्हा मी आरशात बघून खूशही झाले, जुने ब्लाउज पुन्हा बसायला लागले म्हणून.

मग एकेक गोष्ट बिघडायला लागली. माझी नाही, जगाची. बाटल्यांची झाकणं कंपन्या फार घट्ट लावायला लागल्या. बसची पायरी सरकारने उंच केली. न्हाणीघरातलं स्टूल होतं त्याहून खाली गेलं. चार दुकानांत फिरून मी सैल झाकणाचा बाटलीतला साबण शोधून काढला आणि ही कंपनी किती समजूतदार आहे असं डायरीत लिहिलं. माझ्या मांड्या काडीसारख्या झाल्या आहेत हे मात्र मला कधी लिहावंसं वाटलं नाही. दिसलंच नव्हतं. मी बसलेली असताना मांड्यांवर नेहमी डायरी असायची.

एका संध्याकाळी अंगात ताप भरला. मी खुर्चीत होते. उठून पाणी घ्यावं असं वाटलं आणि उठता येईना. थोड्या वेळाने बघू म्हणून बसले. थोड्या वेळाने टेबलावरचा फोन वाजायला लागला. टेबल खोलीच्या पलीकडच्या भिंतीला, चार पावलांवर. लेक रोज त्या वेळेला फोन करते. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. जन्मभर ज्या बाईने हजारो लोकांचे फोन जोडून दिले, तिला स्वतःच्या घरातला फोन उचलता येत नव्हता. मी त्याच्याकडे बघत ताठ बसून होते. तेवढ्या तापातही पाठ टेकवली नव्हती हे मी विशेष म्हणून सांगते.

लेक दुसऱ्या गावात राहते. रात्रीची गाडी पकडून ती आली आणि सकाळी घड्याळवाल्याला घेऊन तिने दार उघडवलं. ती मला रागावली नाही. माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि माझे पाय हातात घेऊन चोळत राहिली. तेव्हा मला वाटलं, ही रागावली असती तर बरं झालं असतं.

न्यूमोनिया निघाला. हॉस्पिटलात अंथरुणावर पडून पडून तो बरा झाला, आणि तो बरा होईपर्यंत माझे उरलेसुरले पायही गेले. म्हणजे होते जागेवरच, पण माझे राहिले नव्हते. डॉक्टर म्हणाले, वयाबरोबर स्नायू झिजतातच, त्यात तुम्ही खात नाही, हलत नाही, आणि वर हे आजारपण. म्हातारं माणूस आठवडाभर पडून राहिलं तर काही वर्षांची झीज एकदम होते. मी विचारलं, भरून येते का? ते म्हणाले, येते, पण बसून नाही. आणि त्यांनी मला त्याच इमारतीतल्या पुनर्वसन वॉर्डात पाठवलं.

तिथे जायच्या आधी लेकीने आपला बेत सांगितला. तिच्या घरी तळमजल्यावरची खोली रिकामी केली होती. भिंतींना धरायच्या दांड्या, उशाशी घंटा. शिवाय एक विजेवर चालणारी खुर्ची सांगून ठेवली होती. बटण दाबलं की खुर्चीच वर उचलली जाते आणि माणसाला उभं करून देते. माझ्या दोन खोल्या सोडून द्यायच्या. तिने हे सगळं इतक्या प्रेमाने ठरवलं होतं, की मला नाही म्हणायला जागा नव्हती. मी एवढंच म्हटलं, की मला माझ्या खिडकीत जायचंय.

"आई, मी त्या रात्री गाडीत बसून फोन लावत होते," ती म्हणाली. "तो वाजत होता आणि तू उचलत नव्हतीस. मला ते पुन्हा नको." मग म्हणाली, "कुणाच्याही मदतीशिवाय खुर्चीतून उठून दाखव. डॉक्टर हो म्हणाले, तर मी एक शब्द बोलणार नाही."

लेक एक शब्द बोलणार नाही म्हणजे तिने केवढी मोठी गोष्ट कबूल केली, हे तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. मी तिथल्या तिथे मान्य केलं. खुर्चीतून उठणं, एवढंच ना.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर इस्त्रीवाल्या मावशी होत्या. लॉन्ड्रीत उभं राहून त्यांनी जन्मभर कपडे इस्त्री केले होते, आणि आता खुबा मोडून नवा बसवला होता. दंड पैलवानासारखे. माझी नोकरी कळल्याबरोबर त्यांनी माझं नाव हॅलोबाई ठेवलं. आमची अडचण बरोबर उलटी होती. मला बसलेली असताना उठता येईना, आणि त्यांना उभ्या असताना बसता येईना, भीतीने त्या धाडकन खुर्चीत पडायच्या. त्या म्हणाल्या, आपल्या दोघींची मिळून एक धड बाई होईल.

आमच्या फिजिओथेरपिस्ट पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या, हसऱ्या चेहऱ्याच्या आणि दयामाया नसलेल्या बाई होत्या. मनातल्या मनात मी त्यांना मदर सुपीरियर, म्हणजे कॉन्व्हेंटच्या मुख्य सिस्टर, म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी टेप काढून माझी पोटरी मोजली आणि काहीच बोलल्या नाहीत. शिंपी गप्प बसला की कापड कमी पडलंय हे बाईमाणसाला कळतं. मग एक यंत्र हातात देऊन दाबायला सांगितलं. मी जीव खाऊन दाबलं. काटा जागचा जेमतेम हलला. माझ्या खाटेवरची डायरी बघून त्या म्हणाल्या, लिहायची बोटं तेवढी शाबूत आहेत तुमची.

पहिला धडा पाय कुठे ठेवायचे याचा. त्या म्हणाल्या, पाय फाकवा. मी घोटे जुळवलेलेच ठेवले. त्या पुन्हा म्हणाल्या, पाय खांद्याएवढे फाकवा, पावलं मागे घ्या, पुढे वाका, नाक पायाच्या बोटांपुढे गेलं पाहिजे. मी सांगितलं, की आम्हाला असं बसायला शिकवलेलं नाही. सगळा हॉल ऐकत होता. मावशी पलीकडच्या बाकावरून म्हणाल्या, "हॅलोबाई, इथं तुम्हाला बघायला कोण येणार आहे? फाकवा की."

मी फाकवले. साठ-पासष्ट वर्षांची सभ्यता एका दुपारी गेली. हातांची घडी मात्र मी सोडली नाही. उठताना हात टेकवायचे नसतात म्हणून बाई हात छातीशी घ्या म्हणाल्या, तेव्हा मी माझी कॉन्व्हेंटची घडी घातली, पोटावर, बोटं कोपराखाली लपवून. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, चालेल.

खाण्याचीही तीच तऱ्हा. सकाळी उकडलेली अंडी, दूध, आणि दुधात कालवलेली एक पूड, जिची चव ओल्या खडूसारखी लागायची. ताटात थोडं टाकून उठणं म्हणजे शालीनता, असं मी शिकले होते. मी एक अंडं टाकलं. वाढणारीने ते परत उचललं नाही, तिथेच उभी राहिली. शेवटी मी खाल्लं. पुढे पुढे तर मावशींच्या ताटातल्या अंड्याकडे माझं लक्ष जायला लागलं, आणि त्यांनी ताट दुसऱ्या हाताला सरकवलं.

पायाला वाळूच्या पिशव्या बांधून पाय उचलायचे, रबरी पट्टा ताणायचा, कठड्याला धरून टाचा उचलायच्या, लाकडी पायऱ्यांवर चढायचं-उतरायचं. रात्री मांड्या इतक्या दुखायच्या की मला त्यांचं अस्तित्व नव्याने पटलं. आणि मग हळूहळू कठड्याला धरायची गरज कमी झाली. एका सकाळी मी पायऱ्या चढून वरच्या फळीवर उभी होते आणि धापही लागली नव्हती. बाईंनी पुन्हा टेप लावला, आणि या वेळी त्या बोलल्या. म्हणाल्या, कापड वाढतंय.

खुर्चीतून उठायचंही जमायला लागलं. फिजिओबाईंची एक सवय होती. पेशंट उठताना त्या बाजूला उभ्या राहायच्या, खांद्यावर अलगद हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, हं, आता. त्या उचलत नव्हत्या, ओढत नव्हत्या, फुलपाखरू बसावं तेवढंच वजन. आणि मी उठायचे, अशी की स्वतः सिस्टरनी बघून मान डोलावली असती. लेक शनिवारी आली तेव्हा मी तिच्यासमोर उठून दाखवलं. तिने दाराच्या चौकटीला धरलं होतं ते सोडलं. मला चढली. मावशींना मी बसण्याबद्दल सल्लेसुद्धा द्यायला लागले.

परीक्षेच्या दिवशी डॉक्टरांना दुसरीकडे बोलावणं आलं, म्हणून फिजिओबाईंनीच परीक्षा घेतली. हॉलच्या मधोमध एक साधी लाकडी खुर्ची. लेक भिंतीशी उभी. नियम असा की हातांची घडी घालायची आणि पाच वेळा उठून बसायचं, परीक्षकाने स्पर्श करायचा नाही. बाई घड्याळ घेऊन समोर, लांब उभ्या राहिल्या. पाय फाकवलेले, नाक पुढे, घडी पोटावर, सगळं जागच्या जागी.

"उठा," त्या म्हणाल्या.

मी उठले नाही.

प्रयत्न केला असं म्हणायचीही सोय नाही, कारण प्रयत्नच झाला नाही. मी बसले होते आणि बसलेलीच राहिले, जसा बोर्डावर एकही दिवा नसताना माणूस बसतो. त्या पुन्हा म्हणाल्या, उठा. मी मनातल्या मनात मांड्यांना नावं घेऊन हाका मारल्या. लाइन डेड होती. घड्याळ चालू होतं, त्याचा आवाज येत होता. मावशींनी तोंडातला पूड घातलेल्या दुधाचा घोट गिळला, त्याचाही आला.

लेक पुढे आली. "असू दे, आई," ती म्हणाली, "होतं असं." आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी ताडकन उठले.

कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मदत मिळाली, उठल्या, असंच सगळ्यांना वाटलं, आणि मलाही. लेकीने त्याच दिवशी विजेच्या खुर्चीवाल्याला फोन केला. मला ऐकू जाऊ नये म्हणून ती कॉरिडॉरमध्ये गेली, पण लोकांचं बोलणं ऐकण्यात माझं आयुष्य गेलंय. निळ्या रंगाची हवी म्हणाली. निळा माझा आवडता रंग आहे. मी भिंतीकडे तोंड करून झोपले.

फिजिओबाई मात्र हट्टाला पेटल्या. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, ढकला. मी ढकलला, तशा त्या स्टुलासकट मागे सरकल्या. पायांत जोर आहे, त्या म्हणाल्या, मग अडलंय कुठे? डॉक्टरांना सांगून त्यांनी आठवड्याच्या शेवटी आणखी एक संधी मिळवली, ही शेवटची. मावशी म्हणाल्या, हॅलोबाईंची लाइन ठीक आहे, पलीकडून कुणी उचलत नाही.

त्या दुपारी मी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले होते. समोर नर्सचं टेबल. सकाळच्या पाळीची नर्स कागद लिहीत होती, आणि दुपारची आली. ती मागून आली, तिच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाली, जा तू. ती उठली. आणि इकडे बाकावर, माझ्या पातळाच्या आत, माझ्या दोन्ही मांड्या आवळल्या गेल्या. मी अर्धी उठलेही होते.

पुन्हा बसले. इतकी लाज वाटली की काय सांगू. माझं सगळं शहाणपण, इंग्रजी उच्चार, रोजची डायरी, आणि मी एखाद्या सर्कशीतल्या घोड्यासारखी, चाबूक वाजला की उठणारी. चार वर्षं मी खुर्चीत बसून राहिले ते दुःखाने असं मी धरून चालले होते. दुःख होतंच. पण त्यातला बराचसा वेळ मी चक्क रिलीव्हरची वाट बघत होते.

मावशींना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की नवा खुबा धरून बसल्या. मग उपाय सुचवायला लागल्या. परीक्षेच्या वेळी मागून चप्पल फेकते, नेम चांगला आहे माझा. फिजिओबाईंना सांगितलं, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी हात ठेवला तर तुम्ही उठाल. पण घरी कोण ठेवणार? आजारातून उठलेली बाई एकटी राहायला जातेय, तिला हाताची वाट बघत बसून चालेल का?" त्यांनी मग हात न ठेवता सराव घेतला. मी मनात त्यांचा हात आणून बघितला. ह्यांचा आणून बघितला. ह्यांचा हात आठवला की मी रडायला लागायचे, आणि रडताना नाक पुढे नेणं फार अवघड जातं.

शेवटच्या परीक्षेला डॉक्टर स्वतः आले. कोरड्या चेहऱ्याचा, पुस्तकाप्रमाणे चालणारा माणूस. लेक पुन्हा भिंतीशी. फिजिओबाई लांब, हात मागे बांधून, जणू त्या हातांवर त्यांचाच विश्वास नव्हता. मावशी व्हीलचेअरवर दारात, त्यांच्या दोन्ही पायांत चपला आहेत याची मी खात्री करून घेतली.

मी बसले. पाय फाकवले, पावलं मागे घेतली, घडी घातली.

"हात असे नाहीत चालणार," डॉक्टर म्हणाले. "छातीवर आडवे. उजवा तळवा डाव्या खांद्यावर, डावा उजव्या. नियम आहे."

मी फिजिओबाईंकडे बघितलं. त्या ओशाळल्या. इतके दिवस माझ्या घडीला चालेल म्हणाल्या होत्या ना. मी कॉन्व्हेंटची घडी सोडली. बोटं कोपराखालून बाहेर काढली, आधी उजवा हात नेला, आणि माझ्या डाव्या खांद्यावर हात पडला.

मी उभी होते.

"मी अजून उठा म्हटलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "बसा. घड्याळ सुरू व्हायचंय."

मी बसले. हसू आवरत नव्हतं. आवरलं नाही तर नाक पुढे जाणार नाही म्हणून आवरलं. ते उठा म्हणाले. मी उजवा हात जरासा उचलला आणि पुन्हा डाव्या खांद्यावर ठेवला. उठले. बसले. हात उचलला, ठेवला, उठले. तिसऱ्या वेळेपासून मांड्या भाजायला लागल्या, चौथ्या वेळेला गुडघे कापले, पण ते माझेच गुडघे होते आणि ते काम करत होते. पाचव्या वेळेला मी उभी राहिले आणि तशीच राहिले, पायांवर, हॉलच्या मधोमध.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, मान हलवली, आणि लिहिता लिहिता विचारलं, की तुमच्या खांद्याला खाज सुटते का. औषध देऊ का काही?

लेक भिंतीशीच होती. तिने शब्द दिला होता आणि ती तो पाळत होती. एक शब्द बोलली नाही. तिचा चेहरा बघवत नव्हता. पुढे येऊन तिने मला धरलं, खांद्याला नाही, कमरेला, आणि तिच्या केसांत तोंड घालून मी म्हटलं, की फोन रोज कर, मी उचलीन.

मावशी माझ्याआधी घरी गेल्या. निरोपाच्या वेळी त्यांनी खुर्चीत अगदी हळूच, राणीसारखं बसून दाखवलं आणि म्हणाल्या, बसायला मजा येते हो, मला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरी आल्यावर एका गोष्टीवरून आमचं वाजलं. लेकीला फोन माझ्या खुर्चीच्या हाताशी हवा होता. मी म्हटलं, हाताशी ठेवलास तर मी पुन्हा बसून राहीन. शेवटी एक छोटा फोन गळ्यात अडकवायचं ठरलं, अडचणीच्या वेळेसाठी, आणि मोठा फोन राहिला तिथेच, पलीकडच्या भिंतीला, चार पावलांवर. अंडी घड्याळवाल्याची बायको वर आणून देते. झाकणं मी स्वतः उघडते. संध्याकाळी पुलापर्यंत जाते, अजून परतीला दोनदा थांबावं लागतं.

काल फोन वाजला तेव्हा मी खिडकीत बसून समोरच्या बसथांब्यावरचं एक भांडण बघत होते. भांडण रंगात आलं होतं. तो वाजत राहिला. मग मी पाय फाकवले, नाक पुढे नेलं, उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवला आणि उठले.

"आई, किती वेळ लावलास," लेक म्हणाली. तिचा श्वास वर गेलेला मला ऐकू येत होता.

"रिलीव्हरला यायला उशीर झाला," मी म्हटलं.

तिचा श्वास खाली आला, आणि ती नेहमीसारखी बोलायला लागली. म्हणाली, ती निळी खुर्ची दुकानदाराने परत घेतली नाही, तेव्हा ती हॉलमध्येच ठेवलीय. तुझे जावई ऑफिसातून आले की तिच्यात जाऊन बसतात, ते जेवायलासुद्धा तिथेच मागतात. बटण आहे, तर उठायचं नावच घेत नाहीत.

मी म्हटलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बघ.